निळ्या टोपणाची ट्यूब
रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी निळ्या टोपणाची ट्यूब लागते. तिच्या तळाशी पाण्यासारखं थोडं सोडियम सायट्रेट असतं आणि बाहेरून एक रेष. रक्त त्या रेषेपर्यंत यायलाच हवं: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियम मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. ट्यूब अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं, आणि रक्त गोठायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा रिपोर्टात जास्त दिसतो. रुग्णाला रक्त पातळ करणारं औषध किती द्यायचं हे ठरत असताना असा चुकीचा आकडा वॉर्डात जाणं फार वाईट.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोव्हिडची दुसरी लाट ऐन भरात असताना, आमच्या लॅबमध्ये या ट्यूबांचे ट्रे रात्रंदिवस येत होते. कोव्हिडच्या आधी डी-डायमर ही तपासणी अधूनमधूनच व्हायची. कुणाच्या पायाच्या शिरेत गाठ झाल्याचा संशय असला तर. त्या महिन्यांत मात्र एचआरसीटीचा स्कोर, फेरिटिन आणि डी-डायमर हे शब्द घराघरात बोलले जात होते.

सॅम्पल आलं की आधी ट्यूब हलकेच तिरकी करून बघायची. शंका आली तर लाकडी काडी आत फिरवायची. काडीला लाल, चिकट धागा लागून आला की सॅम्पल बाद. आयसीयूमधल्या ट्यूबांत असे धागे जास्त मिळत. त्याचं एक कारण साधं होतं. पीपीई किटमध्ये, दोन-दोन हातमोजे घालून, वाफ धरलेल्या गॉगलमधून शीर शोधायची म्हणजे रक्त थेंबाथेंबानं येणार, आणि सायट्रेटपर्यंत पोचण्याआधीच गोठायला लागणार. फोन केला की पलीकडून सिस्टर दमलेल्या आवाजात म्हणायच्या, “ताई, तिसऱ्यांदा टोचतेय हो त्यांना.” तरी परत घ्यायला सांगावंच लागे. गोठलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट देणं हा रुग्णावर अन्याय आहे, हे त्यांनाही माहीत असायचं.

पण दोष एकट्या सुईचा नसायचा. त्या रुग्णांचं रक्तच गोठायला टेकलेलं होतं. फायब्रिनोजेन या प्रथिनापासून गुठळीचे धागे विणले जातात. ते साधारणपणे डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. गंभीर कोव्हिडमध्ये ते सहाशे-सातशेवर गेलेलं आम्ही रोज पाहत होतो.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात शिरेतल्या गुठळ्यांचा जो अभ्यास केला, त्यावरून तीन कारणं आजही शिकवली जातात: रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा स्वतःचा कल गोठण्याकडे झुकणं. गंभीर कोव्हिडमध्ये तिन्ही एकाच माणसात एकवटतात. रुग्ण कित्येक दिवस पलंगावर हालचालीविना पडून असतो. विषाणूमुळे आणि त्याच्याशी लढताना भडकलेल्या दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं. एरवी रक्त वाहतं ठेवायचं काम हेच अस्तर करतं. आणि दाहाच्या संकेतांनी यकृत फायब्रिनोजेन ओतत राहतं. २०२० मध्ये काही मृतांच्या फुप्फुसांची फ्लूनं गेलेल्यांच्या फुप्फुसांशी तुलना झाली. कोव्हिडच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊपट आढळल्या. नेदरलँड्सच्या आयसीयूंमधल्या १८४ रुग्णांच्या पाहणीत, गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध चालू असतानाही, ३१ टक्क्यांना गुठळ्यांचा त्रास झाला होता. श्वास लागणाऱ्या माणसाला ऑक्सिजन का पुरत नाही, याचं निदान अर्धं उत्तर तरी यात होतं: हवा आत जात होती, पण ती उचलणारं रक्तच काही ठिकाणी अडलेलं होतं.

सॅम्पल चांगलं असलं की ते पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतं. लाल पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा राहतो. मशीन त्यात लॅटेक्सचे सूक्ष्म कण घालतं. या कणांवर डी-डायमरला पकडणारी प्रतिद्रव्यं बसवलेली असतात. डी-डायमर असेल तेवढे कण एकमेकांना चिकटतात, द्रव गढुळतो, आणि प्रकाश किती अडला यावरून आकडा येतो. मिलिलिटरला पाचशे नॅनोग्रॅमच्या आत अपेक्षित असलेला हा आकडा तीन हजार, आठ हजार यायचा. कधी मशीनच्या आवाक्याबाहेर जायचा. मग प्लाझ्मा पातळ करून पुन्हा लावायचा.

हा आकडा नेमकं काय सांगतो, हे फार थोड्या लोकांना सांगितलं गेलं, याची मला अजून खंत वाटते. गुठळी झाली की शरीर ती विरघळवायलाही लागतं, आणि तुटलेल्या धाग्यांचे जे तुकडे रक्तात येतात ते डी-डायमर. इमारत पाडल्यावर उरलेल्या राडारोड्यासारखं हे आहे. राडारोडा दिसला म्हणजे कुठेतरी काहीतरी उभं होतं एवढं कळतं. कुठे, केवढं, ते कळत नाही. शिवाय न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, गरोदरपण, उतारवय, कशानंही तो वाढतो. वुहानच्या रुग्णांच्या अभ्यासात दाखल होतानाच डी-डायमर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, म्हणून डॉक्टर त्याच्याकडे लक्ष देऊ लागले, ते बरोबरच होतं. पण घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आकडा निकालासारखा फिरायला लागला.

एक तरुण खिडकीशी आला होता. हातात मोबाइल, त्यात दोन रिपोर्ट. “ताई, काल चारशे होतं, आज तुमच्याकडे नऊशे आलं. एका दिवसात बाबांचं दुपटीच्या वर गेलं.” दोन्ही रिपोर्ट मोठे करून बघितले. पहिल्या लॅबनं आकडा डीडीयू या एककात दिला होता, मर्यादा अडीचशे. आमचा एफईयूमध्ये, मर्यादा पाचशे. एफईयूचा आकडा मुळातच साधारण दुप्पट असतो. कालचे चारशे आमच्या हिशेबानं आठशेच्या आसपास; आणि वेगवेगळ्या मशीनचे आकडे असेही तंतोतंत जुळत नाहीत. वडील जवळपास होते तिथेच होते. हे समजल्यावर तो तिथल्या बाकावर मटकन बसला. एकक बारीक अक्षरात कोपऱ्यात छापायची पद्धत लॅबवाल्यांनी बंद करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीतही आकड्याचा असाच गोंधळ झाला. हेपरिनच्या कुळातलं एनॉक्सापॅरिन, ४० मिलिग्रॅमची तयार सिरिंज, रोज पोटाच्या त्वचेखाली. रोज जागा बदलली तरी रुग्णांच्या पोटावर निळे-जांभळे डाग पडलेले असत. आकडा जास्त म्हणून डोस जास्त, असं सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी झालं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले: वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना हेपरिनच्या पूर्ण डोसाचा फायदा झाला, आयसीयूत पोचलेल्यांना झाला नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र राहिला. म्हणजे डोस ठरवताना माणूस आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे बघणं आलं.

लाट ओसरल्यावर घरी गेलेली माणसं पुन्हा तपासणीला येऊ लागली. सत्तरीच्या आजोबांचं डी-डायमर साडेसहाशे आलं की घरात घबराट. वास्तविक गाठीचा संशय असतानासुद्धा पन्नाशीपुढच्यांसाठी मर्यादा वयाच्या दहापट धरतात. म्हणजे सत्तरीला सातशे. मी रक्त घेताना विचारायला लागले: एकच पाय सुजलाय का, पोटरी दुखते का, दम नव्यानं लागतोय का, छातीत दुखतं का? यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे. एका बाईंची डावी पोटरी उजवीपेक्षा उघड जाड दिसत होती. त्यांना रांगेतून काढून थेट कॅज्युअल्टीत नेलं. डॉप्लर सोनोग्राफी झाली, मांडीच्या शिरेत गाठ निघाली आणि पहिलं इंजेक्शनही दिलं गेलं. त्यांची निळी ट्यूब तेव्हा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत होती.