साखर-मैद्यावाचून वाढदिवसाचा केक

भिलाईत 'भट्टी' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झोतभट्टी उभी राहते. सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथील पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोखंडाच्या रसाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस असते. प्रस्तुत प्रकरणात ज्या भट्टीचा विचार करावयाचा आहे ती स्वयंपाकघरातील असून तिला १६० अंश पुरेसे होतात. तरीही या दोन भट्ट्यांचा परस्परांशी अगदीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

१९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे कारखान्यात नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या कुटुंबांना हा मुलूख परका वाटला नाही. त्यांच्यापैकी पहिली पिढी केव्हाच निवृत्त झाली. तीन पाळ्यांत काम करण्यात, त्यातही रात्रपाळीत, त्यांचे आयुष्य गेले. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते, हे आता अनेक पाहण्यांवरून दिसून आले आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत. सेक्टरांमधील क्वार्टरांच्या एखाद्या ओळीत पाच-सहा घरे तरी अशी सापडतील, की जेथे आजोबांचा वाढदिवस हा आनंदाबरोबरच थोडा अवघडलेपणाचाही प्रसंग होऊन बसतो.

वाढदिवशी पाटावर बसवून औक्षण करावे, सुपारी आणि अंगठी ओवाळावी, तोंड गोड करावे, ही आपली जुनी रीत. ती मोडली नाही. तिच्या शेजारी केक येऊन बसला एवढेच. नातवंडांच्या आग्रहाखातर आजोबा केक कापतात, पहिला घास दुसऱ्याच्या मुखात घालतात आणि स्वतः मात्र कागदासारखी पातळ फोड घेऊन बाजूला होतात. अनेकदा तीही सुनेच्या नजरेकडे पाहूनच घेतली जाते. ज्याचा वाढदिवस त्यालाच पाहुण्यासारखे वागावे लागावे, ही गोष्ट लहान खरी, पण ज्याच्या वाट्याला ती येते त्याला ती लहान वाटत नाही.

या केकमध्ये अडचण नेमकी कशाची असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपण जे अन्न खातो त्यातील ज्या घटकांपासून रक्तात साखर तयार होते त्यांना कर्बोदके म्हणतात. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत यांसाठी 'पिष्टमय पदार्थ' असा शब्द योजलेला आढळतो. अनुवादकाच्या दृष्टीने तो सोपा असला तरी थोडा फसवा आहे. पिष्ट म्हणजे पीठ. पण साखर हे पीठ नव्हे, आणि गूळ, मध, खजूर यांतही पीठ नाही. तरीही हे सारे पदार्थ कर्बोदकांतच मोडतात. उलट बदामाचे पीठ हे नावाने पीठ असूनही त्यात कर्बोदके अल्पच असतात. म्हणून येथे 'कर्बोदके' हाच शब्द वापरला आहे.

शब्दांचा हा घोळ केवळ पुस्तकी नाही. बाजारात 'साखरविरहित' म्हणून मिळणारा केक बहुधा मैद्याचाच असतो. शंभर ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांचे रूपांतर रक्तातील साखरेत फार त्वरेने होते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून त्यात काही फरक पडत नाही. ज्वारीच्या पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. त्याच्या जोडीला तंतू अधिक असतात, ही त्याची जमेची बाजू. तांदळाची गोष्ट तर विचारूच नये. छत्तीसगड हे धानाचे कोठार. येथील अइरसा तांदळाच्या पिठाचा आणि गुळाचा, आपल्या अनारशाचाच भाऊ. तो चवीला कितीही उत्तम असला तरी या कामी निरुपयोगी आहे.

मग मैदा आणि साखर काढून टाकली की काम झाले, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु या दोन वस्तू केकमध्ये केवळ भरीसाठी आणि गोडीसाठी नसतात. मैद्यात पाणी मिसळून तो घोटला असता ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन तयार होते. त्याची जाळी फुगणाऱ्या केकमधील वायूचे बुडबुडे धरून ठेवते, आणि पुढे उष्णतेने पिठातील स्टार्च घट्ट होऊन ती जाळी स्थिर करते. साखरेचे कार्य याहून सूक्ष्म आहे. लोण्याबरोबर फेटताना तिचे खडे लोण्यात हवा कोंडतात. भाजताना ती ओलावा धरून ठेवते. केकला तांबूस रंग आणते. आणि अंड्यातील प्रथिने गोठण्याची क्रिया लांबवून केकला फुगण्यास वेळ मिळवून देते. साखर काढली तर केक बेगोड होतो, आणि त्याबरोबरच कोरडा, बसका आणि फिकाही होतो. पहिल्याच प्रयत्नात हिरमोड होऊन पुष्कळ गृहिणी हा नाद सोडून देतात, याचे कारण येथे आहे.

मैद्याची जागा बदामाचे पीठ घेऊ शकते. शंभर ग्रॅम बदामात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने आणि ५० ग्रॅम स्निग्धांश असतो. कर्बोदके २२ ग्रॅमच्या आसपास असली तरी त्यांतील निम्म्याहून अधिक भाग न पचणाऱ्या तंतूंचा असतो. मात्र बदामात ग्लुटेन मुळीच नसल्यामुळे केक उभा ठेवण्याची सारी जबाबदारी अंड्यांवर येऊन पडते. त्याचबरोबर बदामातील तेल केकला मऊ ठेवते, म्हणून लोणी नेहमीच्या निम्मेच पुरते. बदाम महाग पडतात म्हणून दाण्याच्या कुटाचा विचार मनात येतो. त्याचा केक होतो. पण मग तो दाण्याचा केक होतो, व्हॅनिलाचा राहत नाही.

येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते, की भाजलेली गोड वडी आपल्याकडे केकबरोबर आली असे नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांत श्रावणात होणारे निनाव हे पिठाचे, नारळाच्या दुधाचे आणि गुळाचे. पूर्वी ते भांड्याच्या खाली-वर निखारे ठेवून भाजीत. त्यातही कर्बोदके भरपूर, पण खालून आणि वरून मंद आच देण्याचे तंत्र तेच. आपल्या भाषेत वांगे, पापड आणि केक या सर्वांना एकच 'भाजणे' पुरते, यावरून आपण या कलेत मागे होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता गोडीचा प्रश्न. सॅकरिनचा शोध १८७९ साली लागला. पुढे आणखी अनेक कृत्रिम गोड द्रव्ये आली. त्यांपैकी अॅस्पार्टेम भट्टीच्या उष्णतेने विघटित होते, म्हणून ते केकसाठी वापरण्यात अर्थ नाही. शिवाय ही द्रव्ये चिमूटभरच लागतात, त्यामुळे साखरेचे आकारमान त्यांनी भरून निघत नाही. या दृष्टीने एरिथ्रिटॉल हा पदार्थ अधिक सोयीचा आहे. ग्लुकोज आंबवून तो तयार करतात. त्याची गोडी साखरेच्या सुमारे ६० ते ७० टक्के असते. तो रक्तात शोषला जातो, पण बहुतांशी तसाच मूत्रावाटे बाहेर पडतो आणि रक्तातील साखर वाढवीत नाही. जिभेवर किंचित गारवा जाणवतो, तो त्याचाच. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचे प्रमाण अधिक होते त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाणही अधिक आढळले. एकामुळे दुसरे घडते असे त्यावरून सिद्ध झालेले नाही. तरीही हृदयरोग्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तो वापरू नये, आणि इतरांनीही तो रोजचा न करता वर्षातून चार-दोन प्रसंगांपुरता ठेवावा, हे बरे. झायलिटॉल या नावाने मिळणारे त्याच्याच वर्गातले द्रव्य कुत्र्यांना घातक आहे. घरात कुत्रा असल्यास ते आणूच नये.

व्हॅनिलाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ही मूळची मेक्सिकोतील एका वेलीची शेंग. मेक्सिकोबाहेर तिला फळ धरेना, कारण फुलांचे परागण घडविणारे तेथील कीटक इतरत्र नव्हते. १८४१ साली रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीच्या साहाय्याने हाताने परागण करण्याची युक्ती शोधून काढली, आणि जगातील व्हॅनिलाची लागवड आजही तिच्यावरच चालते. आपल्या घरातील बाटलीत मात्र बहुधा कारखान्यात तयार झालेले व्हॅनिलिन असते. काहीही असले तरी आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की या सुवासाची गोड पदार्थांशी आपल्या मनात इतकी सांगड बसलेली असते, की तो असला म्हणजे कमी गोड पदार्थही अधिक गोड भासतो. म्हणून या केकमध्ये इसेन्स नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दोन चहाचे चमचे घालावा.

प्रमाण असे: बदामाचे पीठ २०० ग्रॅम, अंडी चार, लोणी १०० ग्रॅम, दळलेले एरिथ्रिटॉल १०० ग्रॅम, घट्ट दही ६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. बदाम गरम पाण्यात घालून सोलावेत आणि पूर्ण वाळवावेत. भिलाईच्या उन्हात हे काम दुपारभरात होते. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरविल्यास तेल सुटून पिठाचा गोळा होतो, आणि तो पुन्हा पीठ होत नाही. लोणी आणि एरिथ्रिटॉल फेटून घ्यावे, त्यात पिवळे बलक, दही व व्हॅनिला मिसळावे, मग बेकिंग पावडर व मीठ घातलेले पीठ. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा, ताठ शिखरे येईपर्यंत फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळावा. ग्लुटेन आणि साखर यांनी कोंडलेली हवा आपण गमावली आहे. ती येथे अशी परत मिळवावयाची असते, म्हणून या पायरीत घाई करू नये.

अठरा ते वीस सेंटिमीटर व्यासाच्या, तळाशी कागद लावलेल्या भांड्यात हे मिश्रण ओतून १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास प्रेशर कुकर चालतो. शिटी आणि रबर काढून टाकावे, पाणी न घालता तळाशी मिठाचा जाड थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावा आणि मग मंद आचेवर पाऊण तास केक भाजावा. घुमटाकार झाकणाचे जुने अॅल्युमिनियमचे ओव्हन ज्यांच्याकडे अजून टिकून आहेत त्यांनी तळ करपण्याकडे लक्ष द्यावे. रंगावरून अंदाज बांधू नये. विणण्याची सुई मध्यभागी खुपसून ती कोरडी निघते का ते पाहावे. गरम असताना हा केक अतिशय ठिसूळ असतो. भांड्यातून काढण्याची घाई करून मी स्वतः पहिल्या खेपेस त्याचे तीन तुकडे केले होते.

अंडी न खाणाऱ्या घरांत इसबगोलाची भुशी दोन चमचे आणि अधिक दही घेऊन काम भागविता येते, पण तो केक दडस होतो, हे आधीच सांगितलेले बरे.

वर लावण्यासाठी विकत मिळणाऱ्या वनस्पतिजन्य क्रीममध्ये बहुधा साखर असते. त्यापेक्षा अर्धा किलो दह्याचा चक्का बांधून त्यात थोडे व्हॅनिला आणि बारीक दळलेले एरिथ्रिटॉल फेटावे. न दळलेले घातल्यास ते दाताखाली कचकचते. श्रीखंडावर वाढलेल्या माणसाला हा थर क्रीमपेक्षा अधिक आवडतो, असा माझा अनुभव आहे.

आता हिशेब. मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी २०० ग्रॅम व चार अंडी घेऊन केलेल्या नेहमीच्या केकच्या दहा फोडी केल्या तर एका फोडीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके येतात. या केकच्या फोडीत, चक्का धरून, ती तीन-चार ग्रॅम भरतात. उष्मांक मात्र इतके घटत नाहीत. नेहमीच्या फोडीत ते सुमारे ३२०, तर या फोडीत, वरचा चक्का सोडून, २२० च्या आसपास असतात. रक्तातील साखर वाढत नाही म्हणून चार फोडी खाल्ल्यास वजन वाढावयाचे ते वाढतेच.

याहूनही महत्त्वाची सूचना इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे. इन्सुलिनची, किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्यांची, मात्रा नेहमीचे जेवण गृहीत धरून ठरविलेली असते. ती मात्रा घेऊन जेवणाऐवजी केवळ या केकवर भागविले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून केक जेवणाबरोबर खावा, जेवणाच्या बदल्यात नव्हे. मधुमेही मुलांच्या बाबतीत तर आई-वडिलांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. दरदरून घाम, थरथर, एकाएकी लागलेली भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी हा केक काहीही कामाचा नाही. तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साधी साखर पाण्यात कालवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्या घरातून साखर हद्दपार झाली आहे तेथेही एक लहान डबी यासाठी भरलेली असावी, आणि ती कोठे आहे हे नातवंडांनाही ठाऊक असावे.

केक आदल्या रात्री भाजून झाकून ठेवल्यास सकाळपर्यंत तो घट्ट होतो आणि त्याच्या फोडी स्वच्छ पडतात. चक्का मात्र औक्षणाच्या तासभर आधी लावावा. उरलेला केक शीतकपाटात तीन दिवस टिकतो. मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा तो तासाभरापेक्षा अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये.