आधी धरण विचारा, मग फ्लेमिंगो

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आलं की आपल्याकडचा माणूस मासे खायला थांबतो आणि गोरा पाहुणा पक्षी बघायला. दोघांचीही सोय एकाच पाण्यावर चालते, उजनीच्या. भीमेवर धरण झालं, १९८० मध्ये पुरं झालं, त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणू लागले, काठची गावं उठून माळावर आली. हे सगळं इंदापूर तालुक्यात शाळकरी पोरंही सांगतात, म्हणून पुढे जाऊ. पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं पळसनाथाचं मंदिर मात्र पाहुण्याला जरूर सांगावं. पाणी खूप उतरलं की ते उन्हाळ्यात उघडं पडतं. या जलाशयाचा काठ एका जागी राहत नाही, हे त्यावरून त्याला चटकन कळतं.

दर हिवाळ्यात आम्ही वृत्तपत्रवाले ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’ असा मथळा देतो आणि खाली फ्लेमिंगोचा फोटो लावतो. खरं तर हे रोहित पक्षी वीण घालतात ते आपल्याच कच्छच्या रणात. परदेशी म्हणायचंच तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस आहेत, चक्रवाक आहेत. आणि त्यांच्या मागोमाग हातभर लांब लेन्स घेऊन येणारी माणसं आहेत. पक्ष्यांना वाट सांगावी लागत नाही, पण या माणसांना सगळंच विचारावं लागतं. त्यांनी कुणाला विचारायचं, याचा फलक महामार्गावर माझ्या तरी नजरेस पडला नाही.

मला माहिती मिळाली ती कुंभारगावच्या एका नावाड्याकडून. हा मूळचा मच्छीमार. जाळं अजून सोडलेलं नाही. बोटीच्या तळाशी ओलं जाळं आणि चिलापीचा वास, वर पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. पहाटे धुकं असताना आम्ही निघालो. थोडं आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बांबू हाती घेतला. दर वेळी बांबू वर आला की त्याच्या टोकाला किती गाळ लागलाय ते बघायचा आणि त्यावरून बोटीचं तोंड फिरवायचा. गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ असेल तिथेच थवा उतरणार, हे त्याचं गणित. बरोबर निघालं. लांबून गुलाबी रेघ दिसत होती, तिचे हळूहळू पाय सुटे झाले, माना सुट्या झाल्या. पक्षी पायांनी गाळ ढवळत होते आणि चोच उलटी धरून त्यातलं खाणं गाळून घेत होते. मधे काही राखाडी होते. “ती पोरं,” तो म्हणाला, “रंग यायला वरसं लागत्यात.” त्या खाण्यातूनच हा रंग पिसांत उतरतो.

मी त्याला विचारलं, बाहेरच्या माणसाला कुठला महिना सांगू?

“महिना नका सांगू साहेब. धरण किती टक्के हाय ते बघायला सांगा.”

पाहुण्याला सांगण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. पुस्तकं डिसेंबर ते मार्च सांगतात. पण पाऊसकाळ चांगला झाला आणि धरण तुडुंब राहिलं तर काठचे गाळपेर उघडे पडत नाहीत; पाणी खोल, मग रोहित उशिरा येतात किंवा दुसरं पाणी बघतात. उजनीचा साठा इथल्या पेपरात रोज छापून येतो, उन्हाळ्यात तो ‘उणे’ टक्क्यांतही जातो. आपण तो उसाच्या पाळीसाठी वाचतो. लंडनहून येणाऱ्याने तो विमानाचं तिकीट काढण्याआधी वाचावा.

बाकीची माहिती सोपी आहे. भिगवण रेल्वे स्टेशन पुणे-सोलापूर मार्गावरच आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. गाडी करून आलेलं बरं, पुण्याहून शंभरेक किलोमीटर. मुक्काम कुंभारगावात करावा, म्हणजे उजाडताना पाण्यात असता येतं. पहाटे स्वेटर लागतो, दहा वाजता टोपी. बोटीचा दर काठावरच ठरवावा, सुटे पैसे जवळ ठेवावेत. ‘कमी तिखट’ हे आधी सांगून ठेवावं, तरीही रस्सा तिखटच येईल. घरी पाहुणे ठेवणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं: परदेशी माणूस मुक्कामी आला की चोवीस तासांत त्याची नोंद करावी लागते.

आणि लाइफ जॅकेट. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान याच जलाशयात वादळात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ती रोजची प्रवासी वाहतूक होती, पण वारा सगळ्यांना सारखाच. जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नये, हे कुठल्याही भाषेत ठणकावून सांगावं.

शेजारच्या बारामतीत परदेशी मंडळींची ये-जा जुनी आहे. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात डच सहकार्याने भाजीपाल्याचं केंद्र उभं राहिलं, शेती बघायला शिष्टमंडळं येतात. त्यांना फार तर मोरगावचा मयूरेश्वर दाखवतात. देवळाला चार मनोरे बघून ती बुचकळ्यात पडतात आणि परत जातात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, तेही फारसं कुणी सांगत नाही. आषाढात आलेल्याचं नशीब जोरावर म्हणायचं: तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, बेलवाडीत गोल रिंगण होतं. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, एवढं मात्र आधी सांगावं.

तक्रार एकच करतो. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून काही जण बोट थेट पक्ष्यांत घालायला लावतात, आणि जादा पैसे मिळतात म्हणून काही नावाडी घालतातही. दिवसभर उठवलेला पक्षी खाणार कधी? वर पुण्याहून नदीतून येणारं मैलापाणी आहेच, त्याला नावाडी काय करणार. पण बोट किती लांब थांबवायची, हे त्याच्या हातात आहे आणि तसं सांगणं आपल्या.

तेव्हा तुमच्याकडे कुणी परदेशी पाहुणा येणार असेल तर धरणाचा आकडा बघून त्याला तारीख कळवा. साठा जास्त असेल तर सरळ फेब्रुवारी धरा.