विजेवरील पिकअपचे आडवे दांडे : निवड आणि बांधणी

गेल्या उन्हाळ्यात ठिबक संचाचे साहित्य पोहोचले की नाही हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखक एका गावी गेला होता. गावच्या वेशीपाशी एक विजेवरील पिकअप उभा होता व त्याच्यापुढे रस्त्यावर प्लॅस्टिकच्या नळ्या विखुरलेल्या होत्या. शेळी आडवी आल्यामुळे चालकाने एकदम ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, परंतु टपावरील नळ्यांचा भारा थांबला नाही. तो केबिनवरून सरळ पुढे गेला. सुदैवाने समोर माणूस नव्हते. गाडी तपासली असता असे आढळून आले की, लोखंडी आडवे दांडे पूर्णपणे शाबूत होते. मात्र पुढील दांड्याचे दोन बोल्ट हाताने फिरत होते आणि भारा केवळ वरून टाकलेल्या दोन दोरांवर अवलंबून होता.

या प्रसंगापासून घ्यावयाचा बोध एका वाक्यात सांगता येतो : माल दांडा धरीत नाही, सांधा धरतो. दांडा आणि गाडी यांचा सांधा, तसेच माल आणि दांडा यांचा सांधा, हे दोन्ही पक्के असतील तरच महागाचा दांडा घेण्यात अर्थ आहे. विजेवर चालणारे छोटे पिकअप आता बाजार समितीच्या आवारात आणि शिवारातही दिसू लागले आहेत. म्हणून त्यांच्यावरील आडव्या दांड्यांची निवड व बांधणी कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम गाडीची मर्यादा पाहावी

दांडे विकत घेण्यापूर्वी गाडीची पुस्तिका व नोंदणीपत्र वाचावे. गाडीने एकंदर किती भार वाहावा, हे तेथे दिलेले असते. नावावरून अंदाज करू नये. उदाहरणार्थ, टाटा कंपनीने २०२२ साली आणलेल्या एस ईव्ही या गाडीची भारक्षमता ६०० किलो होती. त्याच नावाखाली २०२४ साली आलेल्या दुसऱ्या नमुन्याची क्षमता १,००० किलो आहे. दोन्ही गाड्या दिसावयास सारख्याच आहेत.

टपावरील भार हा या एकंदर भारातच मोजावयाचा असतो. तो वेगळा मिळत नाही. शिवाय दांडे, त्यांचे पाय आणि सांगाडा यांचे वजनही त्यातूनच वजा होते. समजा, ६०० किलो क्षमतेच्या गाडीवर ६० किलोचा सांगाडा बसविला, तर मालासाठी ५४० किलोच उरतात.

केबिनच्या टपासाठी गाडी बनविणाऱ्याने स्वतंत्र मर्यादा दिली असेल तर ती कसोशीने पाळावी. दिली नसेल, तर केबिनच्या पत्र्यावर भार टाकूच नये. तो पत्रा ऊन-पाऊस अडविण्यासाठी असतो, ओझे पेलण्यासाठी नव्हे. अशा वेळी दांडे हौद्याच्या सांगाड्यावर बसवावेत.

टपावर काय ठेवावे व काय ठेवू नये

आडवे दांडे हे लांब पण हलक्या वस्तूंसाठी आहेत. नळ्या, बांबू, शिडी, मांडवाच्या काठ्या, फवारणीचा दांडा इत्यादी वस्तू त्यांवर ठेवाव्यात. कांद्याची गोणी, खताची पिशवी, टमाट्याचे भरलेले क्रेट, विद्युत पंप ह्या जड वस्तूंची जागा हौद्याच्या तळाशीच आहे.

याचे कारण असे की, विजेवरील गाडीत जड बॅटरी खाली बसविलेली असल्यामुळे गाडीचा भारमध्य खाली राहतो व गाडी वळणावर स्थिर वाटते. हा गुण टपावरील ओझ्याने कमी होतो. समजा, मालासह गाडीचे वजन १,५०० किलो असून तिचा भारमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. तीवर २ मीटर १० सेंटिमीटर उंचीवर १०० किलो ओझे ठेवले, तर भारमध्य सुमारे ७९ सेंटिमीटरवर जातो. केवळ १०० किलोंनी सबंध गाडीचा तोल जवळजवळ ९ सेंटिमीटर वर नेला. घाटातील वळणावर किंवा शेताच्या बांधावरून तिरपी उतरताना ह्याच ९ सेंटिमीटरांचा हिशेब चुकता करावा लागतो.

दांड्याची निवड

बाजारात पोलादी व ॲल्युमिनियमचे असे दोन प्रकारचे दांडे मिळतात. त्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा दांडा वजनाने पोलादी दांड्याच्या सुमारे एकतृतीयांश असतो. परंतु त्याचा ताठपणाही सुमारे एकतृतीयांशच असतो. म्हणून ॲल्युमिनियमचा दांडा घ्यावयाचा असल्यास तो आकाराने मोठा घ्यावा. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही. तथापि ओलसर हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांस भिडल्यास सांध्यापाशी ॲल्युमिनियम झिजू लागते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. तेव्हा दोहोंमध्ये रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा घालावा.

आयताकृती पोकळ नळीचा दांडा करावयाचा असेल, तर नळीची रुंद बाजू उभी राहील अशा रीतीने ती बसवावी. भरीव दांड्याची उंची दुप्पट केली असता त्याचा ताठपणा आठपट होतो. पोकळ नळीतही उंचीचा फायदा असाच मोठा असतो. तीच नळी आडवी टाकली तर तेवढ्याच पैशात अशक्त दांडा पदरी पडतो. नळीची तोंडे टोपणाने बंद करावीत, म्हणजे आत पाणी साचून गंज धरणार नाही आणि वाऱ्याने शिट्टीही वाजणार नाही.

दोन दांड्यांतील अंतरालाही महत्त्व आहे. लांब नळी दोन टेकूंवर ठेवताना प्रत्येक टेकू टोकापासून एकूण लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक आत असावा. ३ मीटर लांबीच्या नळीसाठी हे अंतर सुमारे ६५ सेंटिमीटर येते. अशा ठेवणीत नळी कमीत कमी वाकते. प्लॅस्टिकची नळी उन्हाने मऊ पडते, म्हणून तिच्यासाठी मध्ये तिसरा दांडा द्यावा.

दांडा गाडीस कसा जोडावा

१. केबिनच्या टपास भोक पाडू नये. भोकातून पाणी झिरपते, पत्रा कमकुवत होतो आणि कंपनीची हमीही धोक्यात येते. कंपनीने दिलेल्या जागाच वापराव्यात.

२. हौद्याच्या तळास किंवा चासीस भोक पाडू नये. विजेवरील गाडीत बॅटरी व तिच्या तारा बहुधा हौद्याखालीच असतात. नारिंगी रंगाच्या जाड तारांतून जीवघेण्या दाबाची वीज वाहते; त्यांस हात लावू नये, त्यांवर दोर अगर साखळी बांधू नये.

३. गाडीवर वेल्डिंग करू नये. सांगाडा जमिनीवर ठेवून जोडून घ्यावा, थंड होऊ द्यावा, रंगवावा व मगच बोल्टने गाडीस बसवावा. वेल्डिंगची वीज गाडीच्या अंगातून फिरल्यास नियंत्रक यंत्रे निकामी होऊ शकतात, आणि बॅटरीजवळची ठिणगी तर घातकच होय.

४. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा अंक पाहून घ्यावा. तो बोल्टच्या बळाचा दर्जा दर्शवितो. पत्र्याच्या बाजूस रुंद वायसर किंवा पट्टी द्यावी, म्हणजे दाब पसरेल. सैल न होणारे नायलॉक नट वापरावेत. नायलॉक नट वारंवार काढ-घाल केल्यास त्याची पकड कमी होते. असा नट बदलावा.

५. चारही बोल्ट प्रथम हलके आवळावेत, नंतर आलटून-पालटून समोरासमोरचे पूर्ण आवळावेत. पुस्तिकेत आवळण्याचे माप दिले असेल तर मापाचा पान्हा वापरावा. अधिक जोर म्हणजे अधिक मजबुती, ही समजूत चुकीची आहे. अतिजोराने बोल्टचे आटे ताणले जातात.

६. आवळून झाल्यावर नट व पट्टी यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पान्हा न लावता रोज सकाळी एका दृष्टिक्षेपात तपासणी होते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा पाहावेत व त्यानंतर दर आठवड्यास पाहावेत.

बांधणी पक्की झाली की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी : दांडा दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावा. सबंध गाडी डुलली पाहिजे. दांडा गाडीवर हलता कामा नये.

माल दांड्यास कसा बांधावा

जोराने ब्रेक लावला असता मालाच्या वजनाच्या सुमारे आठ-दशांश इतका जोर पुढे लागतो, असे धरून बांधणी करण्याची रीत आहे. ६० किलोंचा भारा असेल तर हा जोर ४८ किलोंचा होईल. गुळगुळीत नळी रंगविलेल्या लोखंडावर ठेवली असता घर्षणाने वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच, म्हणजे १२ किलोंचा जोर अडतो असे समजू. उरलेले ३६ किलो दोरानेच अडवावे लागतील. वरून आवळलेला दोर माल खाली दाबतो. पुढे जाणाऱ्या मालास तो सरळ अडवीत नाही. म्हणून वरून दोन पट्टे घातल्यावर भाऱ्यास एक बांध मागे ओढणारा व एक पुढे ओढणारा असे आणखी दोन बांध द्यावेत. विजेवरील गाडी सुरू होताच एकदम ओढ घेते, म्हणून माल मागे सरकण्याचीही काळजी घ्यावी लागते.

दांड्यावर रबराची पट्टी गुंडाळावी. तिच्यामुळे घर्षण कितीतरी वाढते व मालही खरचटत नाही. दोरापेक्षा खटक्याचा पट्टा चांगला. परंतु धागे तुटलेला किंवा उन्हाने पांढुरका पडलेला पट्टा टाकून द्यावा.

नळ्यांच्या भाऱ्याभोवती पट्ट्याचा एक संपूर्ण वेढा द्यावा. नुसता वरून पट्टा टाकल्यास कडेच्या नळ्या दाबल्या जातात आणि मधल्या निसटतात. मोठ्या नळीत लहान नळी घालून नेण्याची पद्धत असेल, तर दोन्ही तोंडे गोणपाटाने बांधून बंद करावीत. अन्यथा आतील नळी बाणासारखी बाहेर येते. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून सर्व बांध पुन्हा आवळावेत, कारण हादऱ्याने भारा दबतो व पट्टे सैल पडतात.

कायदा आणि विजेच्या तारा

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार माल मर्यादेबाहेर बाजूस, पुढे, मागे किंवा उंचीस गेल्यास २०,००० रुपये दंड असून माल उतरविण्याचा खर्चही द्यावा लागतो. छोट्या पिकअपवर ६ मीटर लांबीची नळी नेणे म्हणूनच योग्य नव्हे. एक तर ३ मीटरच्या नळ्या मागवाव्यात, अथवा चार शेतकऱ्यांनी मिळून लांब हौद्याची गाडी ठरवावी. माल हौद्याच्या पुढे केबिनवर येणार असेल किंवा कायमचा सांगाडा बसवावयाचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. दिवे, क्रमांकाची पाटी व चार्जिंगचे तोंड झाकले जाऊ नये.

शिवारातील वीजवाहक तारा कित्येक ठिकाणी खाली लोंबकळत असतात. भारा बांधल्यावर जमिनीपासून त्याची उंची काठीने मोजावी, ती केबिनमध्ये लिहून ठेवावी व तारांखालून जाण्यापूर्वी उतरून पाहावे. ओला बांबू किंवा लोखंडी नळी तारेस लागल्यास होणारी हानी भरून येत नाही.

बॅटरीचा हिशेब

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. टपावर माल असता गाडी सावकाश हाकावी. त्यात बॅटरीही वाचते आणि मालही. पहिल्या खेपेस २० किलोमीटरांत बॅटरी किती टक्के उतरली ते टिपून ठेवावे व त्यावरून परतीचा अंदाज बांधावा. काम नसेल तेव्हा दांडे काढून ठेवावेत, कारण रिकामे दांडेही वारा अडवितात.

कार्यकर्त्यांस विनंती

ही माहिती वाचून दाखविण्यापेक्षा करून दाखविल्यास अधिक पटते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाजाराच्या दिवशी एखादी गाडी उभी करून दांडा हलवून पाहणे, नटावर रेघ ओढणे आणि भाऱ्यास पूर्ण वेढा देणे, एवढ्या तीन गोष्टींचे प्रात्यक्षिक करावे. त्यास अर्धा तास पुरेल. एक पान्हा, थोडा रंग आणि रबराची जुनी ट्यूब एवढेच साहित्य लागते. वेशीपाशी त्या दिवशी समोर माणूस नव्हते, हा केवळ योगायोग होता. पुढच्या खेपेस तशा योगायोगावर विसंबण्याची पाळी कोणावरही येऊ नये.