दप्तराची दुसरी प्रत

संगणकासंबंधीं बोलावयास एका सेवानिवृत्त शाळामास्तराला कां बोलावलें, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्राच्या पोटांत काय चालतें तें मी सांगूं शकणार नाहीं. पण एका सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस या नात्यानें त्या यंत्राशीं माझा जो संबंध आला, त्यांतून कांहीं गोष्टी मला फार उशिरां कळल्या. त्याच आज सांगणार आहें.

आमच्या वाचनालयांत सभासदांच्या अनामत रकमांची खतावणी पूर्वीं जाड बांधणीच्या वहींत असे. संगणक आला आणि वही बंद झाली. आमचे कारकून मोठे नेमस्त गृहस्थ. दर शनिवारीं सायंकाळीं ते संगणकांतील माहिती एका लहानशा हार्ड डिस्कवर उतरवून घेत आणि ती कपाटांत कुलूपबंद करीत. एका पावसाळ्यांत संगणकाची मूळ डिस्क बिघडली. आम्हीं निर्धास्तपणें कपाट उघडलें, आणि पाहतों तों प्रतींतील शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वींची! झालें होतें असें, कीं त्या सुमारास हिशेबाचा नवा प्रोग्रॅम बसविला होता व त्याची माहिती निराळ्या फोल्डरमध्यें जाऊं लागली होती. कारकून मात्र इमानानें जुन्याच फोल्डरची नक्कल करीत राहिले. सुमारें साठ शनिवार एकच शिळी प्रत पुन्हां पुन्हां उतरली गेली.

मधल्या काळांत झालेले नवे सभासद, त्यांच्या अनामती, सारें गेलें. ज्यांच्यापाशीं पावती होती त्यांचा प्रश्न सुटला. पण एक वृद्ध बाई आल्या; त्यांचे पति वर्षापूर्वींच सभासद झाले होते व नुकतेच वारले होते. बाईंपाशीं पावती नव्हती. समितींत दोन तट पडले, आणि अखेर पावती नसलेल्या सभासदाचा शब्द प्रमाण मानावा असें ठरलें. बाईंनीं तीनशें रुपये सांगितले, तेवढे आम्हीं दिले. चार महिन्यांनीं त्या पुन्हां आल्या त्या पावती घेऊन. ती एका पुस्तकांत सांपडली होती. पावती पांचशेंची होती. रक्कम लहान खरी. पण संस्थेचा हिशेब सभासदाच्या विधवेनें आणून दाखवावा, याची मला आजहि लाज वाटते.

तेव्हांपासून मी जाणत्यांना विचारूं लागलों. पहिली गोष्ट कळली ती ही, कीं प्रत, ज्याला सारे बॅकअप म्हणतात, ती कशी घ्यावी हा मुळीं पहिला प्रश्नच नव्हे. पहिले प्रश्न दोन. यंत्र आतां या क्षणीं नष्ट झालें, तर किती वेळाचें काम गमावणें आपणांस परवडेल? आणि पुन्हां काम सुरू होईपर्यंत किती वेळ दार बंद ठेवणें परवडेल? वाचनालयाची एका दिवसाची देवघेव चिठ्ठ्यांवरून पुन्हां लिहून काढतां येते. तेथें रोज रात्रीं एक प्रत पुरे. सहकारी बँकेंत पाव तासाच्या नोंदी गेल्या तरी अनर्थ. तेथें प्रत अखंड निघत राहिली पाहिजे. कंपन्यांच्या हिशेबपुस्तकांबाबत तर आपल्या सरकारनेंच 2022 सालीं नियम बदलून रोजच्या रोज प्रत घेणें आवश्यक केलें आहे. तथापि बाकीच्या संस्थांनीं हे दोन आंकडे स्वतःच ठरवावयाचे असतात, आणि ते संगणकवाल्यानें नव्हे, कार्यकारी मंडळानें ठरवावे. पुष्कळ ठिकाणीं मंडळ म्हणतें, "तें तुम्ही बघा", आणि खर्चाचा कागद पुढें आला म्हणजे तेंच मंडळ चष्मा लावून बसतें!

आंकडे ठरले म्हणजे प्रतींचा हिशेब सोपा आहे. या धंद्यांतील प्रचलित दंडक असा: एकूण प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक तरी दुसऱ्या जागीं. या शेवटल्या अटीचें महत्त्व दक्षिण कोरियाला 2025 सालीं कळून आलें. 26 सप्टेंबर रोजीं तेथील देजॉन शहरांत सरकारी माहितीचें जें केंद्र आहे, त्यांत लिथियमच्या बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनीं आपलीं कामाचीं कागदपत्रें जेथें ठेवावयाचीं असें ठरलेलें होतें, तें भांडार त्या आगींत जळालें. 858 टेराबाइट माहिती गेली. भांडार फार मोठें असल्यामुळें त्याची बाहेर प्रत ठेवली जात नाहीं, असा खुलासा मागाहून झाला. आमची प्रत मूळ संगणकाच्याच खोलींत, त्याच कपाटांत होती. आग लागली असती तर आमचीहि गत तीच.

आतां एक मुद्दा असा आहे कीं, त्यावर सुशिक्षित माणसेंहि फसतात, म्हणून येथें थोडा थांबतों. आरसा म्हणजे प्रत नव्हे. आपण फोनमधील एखादें छायाचित्र पुसलें कीं तें क्लाउडवरूनहि, म्हणजे दूरच्या कोणा कंपनीच्या संगणकावरूनहि, पुष्कळदां नाहींसें होतें. दोन्ही ठिकाणें एकमेकांशीं जुळवून ठेवलेलीं असतात. एकीकडचें चांगलें जसें दुसरीकडे उमटतें, तसें वाईटहि उमटतें.

मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीला हा धडा 27 जून 2017 रोजीं मिळाला. नॉटपेट्या नांवाचा विध्वंसक प्रोग्रॅम तिच्या जगभरच्या संगणकांत शिरला. आपल्या न्हावाशेवा बंदरांतील तिच्या टर्मिनलचें कामहि त्या वेळीं अडलें. कोणी कोणत्या यंत्रावर काम करावें हें ठरविणारे जे मुख्य संगणक, ते सुमारें दीडशें होते, आणि प्रत्येकांत इतरांची हुबेहूब माहिती होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण सारे एकाच तडाख्यांत पुसले गेले. एकच वांचला, तो आफ्रिकेंतील घाना देशांत. त्या वेळीं तेथील वीज गेलेली असल्यामुळें तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका यंत्रावरून कंपनीनें पुढें आपला कारभार पुन्हां उभा केला. आपण वीज जाण्यावर विसंबूं नये हें उघड आहे. म्हणून एक प्रत अशी असावी कीं, ती उतरवून झाली म्हणजे तार काढून बाजूला ठेवली जाते. आजकाल खंडणीसाठीं माहितीला कुलूप घालणारे चोर प्रथम जोडलेल्या प्रतींचाच शोध घेतात.

शिवाय प्रत एकच असून भागत नाहीं. चूक आज झाली आणि तीन आठवड्यांनीं लक्षांत आली, तर कालची प्रतहि चुकीचीच. यावर जुनी तोड आहे, तिला आजा-बाप-मुलगा अशी पद्धति म्हणतात. रोजच्या प्रती मुलगे; त्या आठवड्यानंतर पुसून नव्या लिहाव्या. आठवड्याची एक प्रत बाप. ती महिनाभर ठेवावी. महिन्याची एक प्रत आजा. ती वर्षभर, किंवा हिशेब तपासनीस सांगेल तितके दिवस. अमुक पिढी किती दिवस जगेल हें लिहून ठेवावें.

हें सर्व करूनहि माणूस बुडतो, तो परीक्षा न घेतल्यामुळें. गिटलॅब नांवाची एक कंपनी प्रोग्रॅम लिहिणारांचें काम सांभाळून ठेवते. म्हणजे या विद्येंतील पंडितच. 31 जानेवारी 2017 रोजीं तेथील एका माणसानें रात्रीं उशिरां चुकून भलत्याच संगणकावरील माहिती पुसली. प्रती राखण्याच्या पांच व्यवस्था होत्या. एकामागून एक पाहिल्या, तों एकहि भरंवशाची निघाली नाहीं. एक व्यवस्था कित्येक दिवस फसत होती, पण फसल्याची सूचना देणारीं ई-पत्रें पोंचतच नव्हतीं. सुदैवानें त्याच माणसानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं हातानें एक प्रत काढली होती, तिच्यावरून काम निभावलें. कंपनीनें ही फजिती स्वतः जगापुढें मांडली, याचें मला कौतुक वाटतें. आमच्या साठ शनिवारांची कथा मीं वार्षिक सभेंत सांगितली, तेव्हां माझा आवाज इतका मोठा नव्हता!

आतां आमच्या वाचनालयांत धोरण एका पानावर लिहिलें आहे. प्रत कोणीं घ्यावी, तो रजेवर असल्यास कोणीं, आणि दुसऱ्या जागेची प्रत कोणाच्या घरीं, हें नांवानिशीं आहे. त्या प्रतीला परवलीचा शब्द लावलेला असतो, कारण तींत सभासदांचे पत्ते व दूरध्वनि क्रमांक असतात. तो शब्द दोन मोहोरबंद पाकिटांत दोघांपाशीं राहतो. दर तीन महिन्यांनीं एका रविवारीं आम्ही दुसऱ्याच, कोऱ्या संगणकावर ती प्रत उतरवून पाहतों. एक सभासद चिठ्ठी उचलतो. चिठ्ठींत निघालेल्या क्रमांकाचें खातें पडद्यावर आणून पावतीपुस्तकाशीं ताडून पाहतों, आणि लागलेला वेळ वहींत लिहितों. पहिल्या खेपेस पाकिटांतील शब्दच चुकीचा निघाला. एक अक्षर लहान-मोठें झालें होतें. सारी सकाळ त्यांत गेली. मागल्या खेपेस दोन तास चाळीस मिनिटें लागलीं. मंडळानें ठरविलेली मर्यादा एक दिवसाची आहे. वही मात्र कागदाची आहे, आणि ती कारकुनांनींच घालून दिली आहे.