पाहुण्यांनी राखलेले घर

अहमदाबादच्या लाल दरवाजा परिसरात रिक्षा थांबते ती गर्दीच्या ऐन मध्यावर. शहर बसचे मोठे स्थानक जवळच, पदपथावर कपड्यांचे आणि चपलांचे ढीग, आणि या साऱ्यावर कर्ण्यांचा अखंड कल्लोळ. रस्त्याच्या एका अंगाला सिदी सय्यदची मशीद वाहनांच्या वेढ्यात बेटासारखी उभी आहे. तिच्या समोर, दुसऱ्या अंगाला, स्तंभांची आणि ओवऱ्यांची एक भारदस्त इमारत दिसते. प्रथमदर्शनी ती एखादी जुनी संस्था वा ग्रंथालय असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते एका गिरणीमालकाचे राहते घर होते. १९२४ मध्ये बांधलेल्या या घरात आज परक्या गावचा पाहुणा रात्रीचे भाडे भरून मुक्काम करू शकतो. घराच्या धन्याच्या नावाची आद्याक्षरे घेऊन हॉटेलचे नाव ठेवले आहे, ‘हाऊस ऑफ एमजी’. एमजी म्हणजे शेठ मंगळदास गिरधरदास.

अलीकडे ‘हेरिटेज’ हा शब्द इतका स्वस्त झाला आहे, की चार पितळी हंड्या आणि एक बैलगाडीचे चाक अंगणात मांडले तरी तो दारावर लावता येतो. केंद्रीय पर्यटन खात्याची व्याख्या मात्र थोडी काटेकोर आहे. हेरिटेज हॉटेल म्हणून वर्गवारी हवी असेल, तर वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. मंगळदास शेठांचे घर या कसोटीस सहज उतरते. तरीही या घराचे महत्त्व वयापेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. जुन्या शहराच्या ऐन पोटात, जिथे अशी घरे एकामागून एक रिकामी होत गेली, तिथे हे घर आपल्या खर्चापुरते स्वतःच कमवू लागले आणि म्हणून उभे राहिले.

मंगळदास शेठांची स्वतःची कहाणी अहमदाबादेच्या भरभराटीशी जोडलेली आहे. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापड गिरणी या शहरात धुराडे सोडू लागली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शहराला ‘भारताचे मँचेस्टर’ हे बिरुद मिळाले. मंगळदासांनी गिरणीच्या भांडारात साहाय्यक म्हणून अल्प पगारावर सुरुवात केली आणि पुढे ते स्वतः गिरण्यांचे मालक झाले. हे घर त्या चढत्या काळातले आहे. पैसा आला होता आणि तो दिसावा अशीही इच्छा होती. म्हणून दर्शनी भागावर विलायती धाटणीचे स्तंभ आले. आतला चौक मात्र गुजराती घराचाच राहिला.

या शेठांचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात एका अनपेक्षित जागी आढळते. १९१८ मध्ये प्लेगच्या काळातील बोनस बंद झाल्यावर अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई कामगारांच्या बाजूने, तर अनसूयाबेनचे सख्खे बंधू अंबालाल मालकांच्या बाजूने, असा तो विलक्षण लढा होता. गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणानंतर तो लवादाकडे गेला. त्यातून पुढे १९२० मध्ये गिरण्यांतील तंटे सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले, त्यात दोनच सदस्य होते. कामगारांतर्फे महात्मा गांधी, आणि मालकांतर्फे शेठ मंगळदास गिरधरदास. घराच्या पायऱ्या चढताना ही गोष्ट ठाऊक असली, तर त्या स्तंभांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

आत शिरताच बाहेरचा कल्लोळ निम्मा होतो. जाड भिंती, उंच छत आणि मधला चौक यांची ही किमया आहे. चाळीसहून कमी खोल्या, आणि त्याही एकसारख्या नाहीत. घर राहण्यासाठी बांधले होते, हॉटेलसाठी नव्हे; त्यामुळे एक खोली दिवाणखान्याएवढी, तर दुसरी काहीशी आखूड, असे होणारच. सपाट काचेच्या, एका साच्यातल्या हॉटेलांना सरावलेल्या प्रवाशास हे प्रथम खटकते. खोली ठरवतानाच रस्त्याकडची की चौकाकडची, हे विचारून घेणे शहाणपणाचे. रस्त्याकडच्या खोलीत मशिदीचे दर्शन घडेल, पण झोप सावध असणाऱ्यांनी तो मोह टाळावा.

सामान खोलीत टाकून झाल्यावर समोरच्या मशिदीकडे जावे. ती बांधली गेली १५७२-७३ मध्ये, म्हणजे गुजरातची सल्तनत अकबराच्या हाती जाण्याच्या ऐन संधिकाळात. बांधणारा सिदी सय्यद हा हबशी सरदार. तिच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांतील दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. ज्या जाळीत एका वृक्षाच्या फांद्या परस्परांत गुंतत जातात, ती अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या बोधचिन्हामुळे देशभर ओळखीची झाली. मधल्या कमानीत मात्र जाळी नाही, साधे दगड बसविलेले आहेत. काम पुरे होण्याआधीच राज्य गेले, असे सांगतात. या मशिदीने पुढे बरेच सोसले. मराठी अमलात ती वापराविना पडून राहिली. इंग्रजी अमलात तीत सरकारी कचेरी भरली आणि भिंतींना चुना फासला गेला. लॉर्ड कर्झनच्या आदेशानंतर ती कचेरी हलली.

मराठी अमलाचा उल्लेख आला आहे, तर मराठी वाचकाने पायी जाण्याच्या टप्प्यातली आणखी एक वास्तू पाहून घ्यावी. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांच्या फौजांनी अहमदाबाद घेतले. मधली एक-दोन वर्षे वगळता १८१७ पर्यंत शहरावर मराठ्यांचे राज्य होते, आणि महसूल पेशवे व गायकवाड यांच्यात वाटला जाई. पेशव्यांचा कारभार भद्र किल्ल्यातून चाले, गायकवाडांचा त्यांच्या हवेलीतून. इंग्रजांनी ती हवेली लष्करी कामासाठी वापरली. पुढे ती दीर्घकाळ पोलिसांकडे राहिली, त्यामुळे शहरात ‘गायकवाड हवेली’ म्हटले की आधी गुन्हे शाखा आठवते. उत्सुक प्रवाशास तिचे दर्शन बाहेरूनच घ्यावे लागते. मशीद आणि हवेली, दोन्ही उभ्या राहिल्या, कारण त्यांना कोणी तरी वापरले. पण कसे वापरले, याची किंमत दोन्ही वास्तूंनी मोजली.

खरा प्रश्न राहत्या घरांचा आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेली ‘हेरिटेज वॉक’ काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. वाट जाते ती पोळांमधून. मराठी माणसास ‘पोळ’ म्हटले की मोकाट बैल आठवेल. अहमदाबादेत पोळ म्हणजे एकाच दरवाज्याच्या आत नांदणारी गल्ली, आपल्याकडच्या आळीची किंवा वाड्याची जवळची नातलग. लाकडी कोरीव तुळया, दारापुढचे ओटे, खांबावर उभारलेले पाखरांचे चबुतरे, आणि घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके, असा त्यांचा संसार. कवी दलपतराम राहत त्या पोळीत आता त्यांचे घर नाही. घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारून तिथे कवींचा बसलेला पुतळा ठेवला आहे. चालून थकलेले पाहुणे त्यांच्या शेजारी बसून छायाचित्र काढून घेतात.

८ जुलै २०१७ रोजी अहमदाबादच्या या तटबंदीतील शहरास युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. शहर म्हणून हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले. पण दर्जा मिळाला म्हणून छप्पर गळायचे थांबत नाही. गिरण्या १९८० नंतर एकेक करून बंद पडत गेल्या. ज्यांच्याकडे चार पैसे होते, ती कुटुंबे साबरमतीच्या पश्चिमेकडे नव्या वसाहतींत गेली. मागे राहिलेल्या घरांचे काय झाले, हे पोळीतून डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास दिसते. खाली गोदाम, वर कुलूप. काही ठिकाणी कोरीव तुळया आणि झरोके उतरवून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना विकले गेले. त्या लाकडाला दिल्ली-मुंबईच्या दिवाणखान्यांत चांगला भाव आहे. घर उभे असताना मात्र त्याच लाकडाला भाव नाही, ही या व्यवहारातील चमत्कारिक गोष्ट.

हे असे का घडते, ते बँकेच्या काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना सहज उमगावे. एका घराचे आठ-दहा वारस, त्यांतील दोघे परदेशी, एकाचा पत्ताच नाही. सातबारा नसला तरी कागदपत्रांचा गुंता तोच. वर जुने भाडेकरू. अहमदाबाद १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा तिथेही लागू होता. गिरगाव-दादरच्या चाळींची जी दशा झाली, तिची कारणे पोळांमध्येही तीच होती. भाडे गोठलेले आणि दुरुस्तीचा खर्च वाढता. मालकी निर्विवाद नसेल तर तारण होत नाही, तारण नाही तर कर्ज नाही, आणि कर्जाविना लाकडी घराची दुरुस्ती भल्याभल्यांच्या आवाक्याबाहेर जाते. त्या मानाने रिकामी जागा विकणे सोपे.

मंगळदास शेठांचे घर या फेऱ्यातून सुटले, त्याचे एक कारण ते एकाच कुटुंबाच्या हाती राहिले हे आहे. शेठांच्या वंशजांपैकी अभय मंगळदास यांनी ते पुन्हा उभे केले. आधी लोकांना जेवायला बोलवावे आणि मग राहायला, हा क्रम हिशेबाचा होता, असे आज मागे वळून पाहता वाटते. गुजरातेत दारूबंदी असल्याने अन्यत्र हॉटेलांना मद्यालयातून जी सुखाची मिळकत होते, तिचा इथे आधार नाही. स्वयंपाकघराने घर पोसायचे, हाच मार्ग.

आणि स्वयंपाकघराने ते पोसलेही. गच्चीवरील ‘अगाशिये’ हे भोजनालय शहरात स्वतःच्या नावाने ओळखले जाते. गुजरातीत अगाशी म्हणजे गच्ची. पाहुण्यांहून शहरवासीयांचीच गर्दी तिथे अधिक. पाने मांडण्याआधी हातावर पाणी घालतात. मग थाळी येते ती ठरलेल्या बेताची, शाकाहारी आणि गोडाकडे झुकणारी. फरसाण आधी, भाजी-पुरी मध्ये आणि खिचडी-कढी शेवटी, असा साधारण क्रम. थंडीत उंधियो, उन्हाळ्यात आमरस. वाढणाऱ्याचा आग्रह कोकणातल्या लग्नाच्या पंगतीची आठवण करून देणारा. वरणात गूळ का, असा प्रश्न मराठी जिभेला पडतो खरा. पण तिसऱ्या वाढपापर्यंत तो मिटतो. ज्यांना एवढे जेवण पेलत नाही, त्यांच्यासाठी खालच्या अंगणात ‘ग्रीन हाऊस’ नावाचे साधे उपाहारगृह आहे.

टीकेला जागा नाही असे नाही. जुन्या शहरातील सामान्य कुटुंबाने स्वतःच्याच पूर्वजांसारख्या घरात एक रात्र काढायची म्हटले, तर ते भाडे परवडण्याजोगे नाही. शिवाय एका गिरणीमालकाच्या भक्कम इमारतीस जे जमले, ते तीन मजली अरुंद पोळीतल्या लाकडी घरास जमेलच असे नाही. तिथे गाडी दारापर्यंत जात नाही, आणि पंचवीस खोल्याही निघत नाहीत. पण याच घराण्याने पुढे माणेक चौकाजवळची ‘मंगळदासनी हवेली’ दुरुस्त करून लोकांसाठी उघडली, आणि इतरही काही मालकांनी दोन-चार खोल्यांचे पाहुणघर चालवून पाहिले आहे. महानगरपालिका सूचीबद्ध घरांच्या मालकांना विकास हक्क अन्यत्र विकण्याची मुभा देते. २०२० च्या राज्य धोरणाने १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंत हॉटेल, संग्रहालय वा उपाहारगृह काढण्यास सवलती जाहीर केल्या. या मार्गाने किती घरे तगतील, हे पोळीतल्या कुलपांच्या संख्येवरूनच पुढे ठरेल.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. १४ जानेवारीच्या उत्तरायणास सारे शहर पतंग घेऊन गच्चीवर असते, आणि जुन्या शहरातील गच्ची मिळविण्यासाठी नातेवाइकांतही वशिला लागतो. त्या दिवसांची खोली फार आधी सांगून ठेवावी. पायी हिंडायचे असल्याने चपला मळखाऊ असाव्यात. रात्री माणेक चौकात अवश्य जावे. दिवसा जिथे सराफांची दुकाने गजबजलेली असतात, तिथे ती बंद झाल्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, आणि मध्यरात्र उलटली तरी बाकांवर जागा मिळत नाही.

परतताना लाल दरवाजा बराच शांत झालेला असतो. फेरीवाल्यांनी ताडपत्र्या आवळलेल्या असतात. घराच्या फाटकाशी बसलेला रखवालदार उशिरा आलेल्या पाहुण्यास हात जोडतो आणि दिंडी उघडून देतो. आतल्या चौकात एकच दिवा तेवता ठेवलेला असतो.