सुरक्षित विमान कंपनी ओळखायची कशी?

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानात, न वापरलेल्या दरवाजाच्या जागी बसवलेला भाग भर आकाशात निखळून पडला. सुदैवाने कुणी दगावले नाही. पण त्यानंतर ‘कयाक’ या संकेतस्थळावर मॅक्स विमाने वगळून तिकीट शोधणारे प्रवासी झपाट्याने वाढले. एरवी भाडे आणि वेळ पाहणारा प्रवासी अशा बातमीनंतर सुरक्षेचा विचार करतो, हे स्वाभाविकच आहे. मात्र निव्वळ अपघातांच्या नोंदी पाहून सुरक्षित कंपनी ओळखता येते का?

काँकॉर्डचे उदाहरण पाहा. १९७६ पासून प्रवासी सेवेत असलेल्या या विमानाच्या अपघातात २४ वर्षे एकही बळी गेला नव्हता. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने त्याचा टायर फाटला. टायरचा तुकडा पंखाखाली आदळला, इंधनाची टाकी फुटून आग लागली आणि ११३ जणांचा मृत्यू झाला. एकूण उड्डाणेच कमी असल्याने, आकडेवारीत अव्वल असलेले काँकॉर्ड एका दिवसात तळाला गेले. विमान तेच, बदलला तो आकडा. अपघात इतके दुर्मीळ असतात, तेव्हा एका घटनेवरून दोन चांगल्या कंपन्यांत डावे-उजवे ठरवता येत नाही.

एमआयटीचे संख्याशास्त्रज्ञ अर्नोल्ड बार्नेट यांच्या हिशेबानुसार २०१८ ते २०२२ या काळात जगभरात सरासरी १ कोटी ३७ लाख विमानप्रवासांमागे एक मृत्यू झाला. खरी तफावत दिसते ती देशादेशांत, आणि ती मुख्यतः देखरेखीतून येते. कोरियन एअरच्या १९९७ च्या ग्वाम अपघातात २२८ जणांचा बळी गेला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीने तिच्याशी असलेली भागीदारी स्थगित केली. मग वैमानिकांचे प्रशिक्षण आमूलाग्र बदलले. ग्वामनंतर या कंपनीच्या अपघातात एकही प्रवासी दगावलेला नाही.

भारतालाही हा धडा मिळाला. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने भारताच्या हवाई देखरेखीचा दर्जा खाली आणला. पूर्णवेळ निरीक्षकांची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण होते. भरती झाली, सुधारणा झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला.

म्हणून अनोळखी कंपनीचे तिकीट काढण्यापूर्वी युरोपीय संघाने बंदी घातलेल्या विमान कंपन्यांची यादी जरूर पाहा. ती सर्वांसाठी खुली आहे. यादीबाहेरच्या नावाजलेल्या कंपन्यांमध्ये भाडे आणि वेळ पाहून खुशाल निवड करा. आणि नागरिक म्हणून एक आग्रह कायम धरा: ही देखरेख करणाऱ्या आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील निरीक्षकांची पदे रिकामी राहता कामा नयेत.