छंदातले इलेक्ट्रॉनिक्स, भाग ६ : प्रकल्पाला वीज कुठून द्यावी?

छंद म्हणून केलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पाला साधारणपणे ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट डीसी लागतो आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी. या दोहोंच्या मधला डबा म्हणजे पॉवर सप्लाय. प्रकल्प मधूनच बंद पडू लागला, बोर्ड आपोआप रिसेट होऊ लागला की पहिला संशय प्रोग्रामवर घेतला जातो. पुष्कळदा खरा गुन्हेगार हा डबा असतो. तो निवडताना दुकानात काय मिळते यापासून सुरुवात करण्याची सवय आहे. सुरुवात लोडपासून व्हायला हवी.

लोडबद्दल तीन आकडे कागदावर मांडावे लागतात : किती व्होल्ट, सरासरी किती करंट आणि क्षणभरासाठी जास्तीत जास्त किती करंट. तिसरा आकडा बहुतेक वेळा विसरला जातो आणि घोटाळा तिथेच होतो.

उदाहरणासाठी बंगळुरूतल्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीतील कुंड्यांना पाणी घालणारे छोटे यंत्र घेऊ. मार्च २०२४ च्या टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकामाला पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता; तेव्हापासून आरओच्या बादलीतले वाया जाणारे पाणी कुंड्यांना मोजून देणे ही कल्पना निव्वळ हौसेची राहिलेली नाही. यंत्रात ईएसपी-३२ बोर्ड, मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर, एक रिले आणि १२ व्होल्टचा छोटा पंप आहे. पंप चालताना ०.७ अँपिअर घेतो असे धरू. मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते त्या क्षणी ती याच्या कितीतरी पट करंट ओढते. बोर्ड वायफायसह सरासरी शंभर-सव्वाशे मिलिअँपिअरवर भागवतो. पण संदेश पाठवण्याच्या क्षणी त्याला एकदम जास्त लागतो आणि त्यासाठी अर्ध्या अँपिअरची तरतूद ठेवावी लागते. ५ व्होल्टच्या साध्या रिलेचे वेटोळे सुमारे ७० ओहमचे असते, म्हणजे ७० मिलिअँपिअर. सेन्सरचा करंट यात विचारात घेण्याइतका नाही.

आता वॅटमध्ये हिशेब : पंपाचे ८.४, ५ व्होल्टच्या बाजूचे कमाल ३ आणि रूपांतरातली थोडी घट. एकूण साधारण १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १ अँपिअर. बाजारातून अ‍ॅडॉप्टर घ्यायचा तो १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. दुप्पट घेणे ही चैन नव्हे. पंपाचा सुरुवातीचा धक्का, बंद डब्यातली उष्णता आणि स्वस्त मालाच्या लेबलवरचा आशावाद, हे तिन्ही या जादा अँपिअरमध्ये जिरतात.

जास्त अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर सर्किट जळेल, ही भीती नवशिक्यांमध्ये सर्रास आढळते. वाण्याकडे पोतेभर साखर असली तरी गिऱ्हाईक पावशेरच नेते. अँपिअरचे तसेच आहे. व्होल्टेज मात्र सप्लाय ठरवतो. ५ व्होल्टच्या बोर्डाला १२ व्होल्ट दिले तर तो जळणार, मग अ‍ॅडॉप्टर अर्ध्या अँपिअरचा असो की पाच.

पंपाला १२ व्होल्ट थेट मिळाले. बोर्डासाठी त्यातून ५ करायचे आहेत आणि इथे जुन्या पुस्तकांतला पहिला उपाय म्हणजे ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. स्वस्त, मजबूत, कुठेही मिळणारा. त्याचा दोष एकच : उरलेले व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने उधळतो. १२ मधून ५ वजा जाता ७ व्होल्ट उरतात. सरासरी करंट ०.२ अँपिअर धरला तर १.४ वॅट. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हीटसिंकशिवाय उभ्या ७८०५ चे तापमान दर वॅटला सुमारे ६५ अंश सेल्सिअसने चढते. १.४ वॅटला ९१ अंश. त्यात खोलीचे ३० मिळवले की आतली सिलिकॉन चकती १२१ अंशांवर पोहोचते आणि तिची कामाची मर्यादा आहे १२५. करंट अर्धा अँपिअर झाला तर हिशेब मांडण्याचीही गरज नाही. रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, थंड होतो, पुन्हा चालू होतो आणि पाहणाऱ्याला प्रोग्राममध्ये चूक आहे असे वाटत राहते.

म्हणून इथे बक कन्व्हर्टर हवा. एलएम २५९६ या चिपवरचे निळे मॉड्यूल सर्वत्र मिळते. ही चिप ४० व्होल्टपर्यंत इनपुट घेते, ३ अँपिअरपर्यंत देते आणि सेकंदाला दीड लाख वेळा उघडझाप करून व्होल्टेज उतरवते, त्यामुळे फारसे काही उधळले जात नाही. सतत ३ अँपिअर मात्र त्या एवढ्याशा मॉड्यूलकडून मागू नयेत, दीड-दोन ठीक. आणखी एक गोष्ट. त्यावरचा पितळी स्क्रू कारखान्यातून कुठेही फिरलेला असतो. आधी १२ व्होल्ट लावून, मल्टिमीटरवर पाहत ५ वर आणायचे आणि मगच बोर्ड जोडायचा. उलट क्रमाने केले तर बोर्ड गेला म्हणून समजावे.

मग ट्रान्सफॉर्मरचे दिवस संपले का? नाही. मागील भागात पाहिलेला डायोडचा पूल, त्यापुढे कपॅसिटर आणि रेग्युलेटर या मांडणीइतके वीजपुरवठ्याचे शिक्षण दुसरे काहीही देत नाही. ऑप-अँपला ऋण व्होल्टेजही लागते, तिथे बारा-शून्य-बारा ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ हे त्रिकूट आजही सर्वांत सरळ. ध्वनीच्या प्रीअँपलाही तेच मानवते, कारण उघडझाप करणाऱ्या सप्लायचा, म्हणजे एसएमपीएसचा, खरखराट त्यात नसतो. अर्थात फिल्टर कमी पडला तर १०० हर्ट्झची घरघर येते, हे त्याचे स्वतःचे दुखणे.

फिल्टरचा हिशेब सोपा आहे. पूर्ण तरंगाच्या मांडणीत कपॅसिटरला सेकंदाला शंभर वेळा भरणा होतो. दोन भरण्यांच्या मधल्या दहा मिलिसेकंदांत १ अँपिअर करंटने २,२०० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज जवळजवळ साडेचार व्होल्टने खाली येते. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर १७ व्होल्ट, त्यातून पुलाच्या दोन डायोडांचे दीड गेले की उरतात साडेपंधरा. त्यातून साडेचार उतरले तर ११. ७८१२ ला स्वतःच्या कामासाठी १४ च्या वर हवेत. म्हणजे लेबलवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेला ट्रान्सफॉर्मर या सर्किटला पुरत नाही. करंट निम्म्याहून कमी ठेवावा लागतो किंवा १५ व्होल्टचा घ्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला, लोड नसताना छोट्या ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज वीसेक टक्क्यांनी चढते. लाइनला २५० व्होल्ट आले तर शिखर २२ च्या घरात जाते. २५ व्होल्टचा कपॅसिटर तिथे काठावर असतो. ३५ चा घ्यावा.

वळवाच्या पावसात बंगळुरूची वीज जाते आणि घरे इन्व्हर्टरवर येतात. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी तरंग देतात आणि चौकोनी तरंगाला शिखर नसते. साइन तरंगात २३० व्होल्टचे शिखर ३२५ असते. चौकोनी तरंगात २३० म्हणजे २३०च. ट्रान्सफॉर्मरमागे १७ ऐवजी १२ आणि डायोडनंतर साडेदहा मिळतात. बेसकॉम या वीजकंपनीच्या पुरवठ्यावर बिनतक्रार चालणारे १२ व्होल्टचे सर्किट इन्व्हर्टरवर का अडखळते, याचे उत्तर यात आहे. १०० ते २४० व्होल्ट इनपुटच्या एसएमपीएस अ‍ॅडॉप्टरला याने सहसा फरक पडत नाही.

५ व्होल्टमध्येच सगळे भागत असेल तर मोबाइलचा चार्जर उत्तम सप्लाय आहे. त्यात दोन खोड्या. टाइप-सी सॉकेटच्या काही स्वस्त मॉड्यूलवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने जोडले की चार्जर अशा मॉड्यूलला ओळखतच नाही आणि वीज देत नाही. दुसरी खोडी केबलची. बारीक तारांच्या केबलचा प्रतिरोध अर्धा ओहम धरला तरी अर्ध्या अँपिअरला पाव व्होल्ट वाटेतच जातो. बोर्डावरच्या एएमएस १११७ रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी साधारण साडेचार तरी हवेत. मार्जिन आधीच थोडे. वायफायच्या क्षणी तेही संपते. बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला की निम्मी दुखणी जातात.

पॉवर बँक सेन्सरच्या प्रकल्पाला सहसा चालत नाही. करंट फार कमी आहे असे पाहून ती स्वतःच बंद होते. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर मोटरच्या जवळपास नेऊ नये. १८६५० हा लिथियम सेल घेताना लेबलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास दिसले तर ते लेबल पुढे वाचायचेही नाही. या आकाराच्या चांगल्या सेलची मजल साधारण ३,५०० पर्यंत.

आता २३० व्होल्टची बाजू. इंटरनेटवर ट्रान्सफॉर्मरशिवाय, केवळ एका कपॅसिटरच्या आधाराने ५ व्होल्ट मिळवण्याची सर्किटे भरपूर फिरतात. त्यांत मेन्स आणि सर्किट यांच्यात कोणताही आडपडदा नसतो. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसत असतानाच त्यातली कोणतीही तार जमिनीच्या संदर्भात २३० वर असू शकते. ओल्या मातीत सेन्सर खुपसलेल्या यंत्राला असा सप्लाय देणे हा निव्वळ अविचार आहे. तयार अ‍ॅडॉप्टरमध्ये हा आडपडदा असतो. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या धातूच्या डब्याला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, त्या आतल्या एका छोट्या सुरक्षा-कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या करंटच्या. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो ठरलेल्या मर्यादेत असतो. नकली मालात त्या जागी काय बसवले आहे हे डबा फोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून चिन्ह पाहावे. २०१२ च्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोकडे इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि २०१४ मध्ये पॉवर अ‍ॅडॉप्टर त्या यादीत आले. नोंदणीकृत अ‍ॅडॉप्टरवर आयएस १३२५२ सारखा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचे नाव समोर येते. डब्यावरचे नाव वेगळे असेल तर अ‍ॅडॉप्टर काउंटरवरच परत करावा.

बंगळुरूत हे सगळे टाउन हॉलजवळच्या सदर पत्रप्पा रोडवर मिळते. ‘एसपी रोड’ म्हटले की कुणीही वाट दाखवतो आणि हिंदीवर काम भागते. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना तपकीर गल्ली. एसपी रोडवर जुन्या लॅपटॉपचे १९ व्होल्टचे चार्जरही विकायला असतात. नामांकित कंपनीचा असा जुना चार्जर आणि पुढे बक मॉड्यूल ही जोडी अनोळखी छापाच्या नव्याकोऱ्या अ‍ॅडॉप्टरपेक्षा बरी. घेताना पिनेचा व्यास तपासावा, कारण ५.५ मिलिमीटरच्या पिनेत २.१ आणि २.५ अशी दोन छिद्रे येतात आणि चुकीची जोडी सैल बसून ठिणग्या देते. धन टोक आत की बाहेर, हे लेबलवरच्या आकृतीपेक्षा मल्टिमीटरवर पाहिलेले बरे. सर्किटच्या तोंडाशी एक शॉटकी डायोड आणि एक फ्यूज, तसेच पंप व रिले या दोघांच्या वेटोळ्यांवर उलटा डायोड हवाच.

शेवटी अ‍ॅडॉप्टर खरोखर लेबलाइतका आहे का, हे लोडखाली पाहावे. रिकाम्या अ‍ॅडॉप्टरवर मल्टिमीटर १२ दाखवतोच. एसपी रोडला लागूनच जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथला १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो आणि २ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरसाठी तोच सर्वांत स्वस्त परीक्षक. थंड तंतू सुरुवातीला फार जास्त करंट ओढतो, त्यामुळे पहिल्या क्षणी अ‍ॅडॉप्टर एखादा हिसका देऊन बंद-चालू झाला तर घाबरू नये. त्यानंतर बल्ब पंधरा मिनिटे जळत ठेवावा, बल्बला हात लावू नये आणि अ‍ॅडॉप्टरच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. ते ११.४ च्या खाली उतरले किंवा डबा हातात धरवेना, तर तो अ‍ॅडॉप्टर २ अँपिअरचा नाही, लेबलवर काहीही छापलेले असो.